आजचं चिंतन (गीता ७.१६): देव फक्त अडचणीतच आठवतो, तर?



काल पंधरावा श्लोक झाला. भगवंताकडे न येणारे चार प्रकारचे लोक त्यात होते. आज सोळावा, आणि यात येणारे चार. आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. म्हणजे संकटात सापडलेला, जाणून घ्यायची ओढ असलेला, काहीतरी हवं असलेला, आणि ज्याला कळलेलं आहे तो.

खरं तर आज जिज्ञासूवर लिहायचं ठरवलं होतं. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना तो प्रकार जवळचा वाटतो, प्रश्न विचारायला मिळतात. पण दोन दिवसांपूर्वी एका मैत्रिणीचा मेसेज आला. तिला विचारूनच इथे लिहितेय, नाव सांगत नाही. "जॉब जाऊन तीन महिने झाले. आता रोज देवासमोर बसते आणि बसलं की लाजच वाटते. पगार येत होता तेव्हा कुठे गेले होते मी? हा स्वार्थीपणाच ना?" मेसेजची वेळ रात्री दोन वाजून दहा मिनिटं.

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. म्हणून आज पहिल्याच शब्दापाशी थांबू, आर्तापाशी.

या श्लोकात भगवंत आलेल्या माणसांना एक विशेषण लावतात, 'सुकृती'. पुण्यवान, गाठीशी काहीतरी चांगलं असलेला. आपण घाईनं चार नावांवर उडी मारतो आणि हा शब्द निसटतो. व्याकरण बघा, तो चौघांनाही लागतो. एकट्या ज्ञान्याला नाही. ज्याचे हप्ते थकलेत आणि म्हणून जो हात जोडून बसलाय, तोही सुकृती. कालच्या श्लोकातले, न आलेले, ते दुष्कृती. आलेले सगळे सुकृती. कधी आलास, इतके दिवस कुठे होतास, अशी हजेरी या श्लोकात घेतलेली नाही.

पुढे सतराव्या श्लोकात ज्ञानी सगळ्यांत प्रिय असं येतं. ते आहेच, आपल्या सोयीसाठी ते झाकायचं कारण नाही. पण त्याच्याही पुढे, अठराव्यात, भगवंत चौघांनाही 'उदार' म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो. उदार म्हणजे तिथे थोर, मोठ्या मनाचा. पण मराठी कानाला तो देणाऱ्याचा शब्द वाटतो. मागायला आलेला माणूस उदार कसा? मला असं वाटतं, की आपण आपलं दुःख सहसा कोणाच्या हातात देत नाही. स्टेटसला गोव्याचे फोटो ठेवतो आणि दुःख उशीखाली ठेवतो. ते उशीखालून काढून जो देवासमोर ठेवतो, तो काहीतरी देतोच आहे. (हा अर्थ माझा. तुम्हाला कोणी वेगळा सांगितला असेल तर तो धरा.)

यादीत आर्ताचं नाव पहिलं आहे, म्हणून तोच श्रेष्ठ, असंही मी कीर्तनात ऐकलंय. त्यावर फार इमारत बांधू नये. श्लोकाला छंदही सांभाळायचा असतो. सुकृती आणि उदार, एवढे दोन शब्द मिळाले तरी आपलं पोट भरतं.

आता चिंतेकडे येऊ. चिंता आणि चिंतन हे दोन्ही शब्द एकाच धातूचे. रात्री दोन वाजता जागी असलेली ती मुलगी काय करत होती? एकच वाक्य मनात फिरवत होती. पुढच्या महिन्याचा हप्ता कसा भरू, हप्ता कसा भरू. जपाला बसलं की पाचव्या मण्याला मन स्विगीवर जातं, अशी आपली रोजची तक्रार. आणि तेच मन चिंतेच्या वेळी एका ओळीवर चार-चार तास हलत नाही! म्हणजे एकाग्रता आपल्याकडे आहे. फक्त ते बोलणं कोणाला उद्देशून नसतं. आपणच विचारायचं, आपणच घाबरायचं, परत आपणच विचारायचं.

त्याच वाक्याच्या आधी 'पांडुरंगा' लावून बघा. पांडुरंगा, पुढच्या महिन्याचा हप्ता कसा भरू? हप्ता तेवढाच आहे, बँकही तीच. पण आता त्या अंधाऱ्या खोलीत तुम्ही एकटे बोलत नाही आहात. माझ्या मते चिंता आणि प्रार्थना यांत मजकुराचा फरक नाहीच मुळी. फरक आहे तो संबोधनाचा. गीतेतला आर्त म्हणजे नुसता दुःखी नव्हे. दुःखी कोण नाही? आर्त तो, जो दुःखात असताना तोंड वळवून कोणाला तरी हाक मारतो.

भागवताच्या आठव्या स्कंधातला गजेंद्र आर्ताचं ठरलेलं उदाहरण. मगरीनं पाय धरला तेव्हा त्यानं लगेच हाक मारली नाही. आधी स्वतःच्या ताकदीवर झुंजला, भागवताच्या हिशोबानं हजार वर्षं. बाकीच्या हत्तींनी ओढून बघितलं, तेही थकले. सगळं संपल्यावर त्याला देव आठवला. म्हणजे आमच्या मैत्रिणीचंच प्रकरण, फक्त तिचे तीन महिने आणि याची हजार वर्षं. भगवंत गरुडावरून आले तेव्हा "आता आठवण झाली का?" असं म्हणाले का? नाही. उतरले आणि सोडवला. त्यात एक बारीक गोष्ट आहे. गजेंद्रानं त्या वेळी जी स्तुती म्हटली ती तिथल्या तिथे सुचलेली नव्हती. मागच्या जन्मी तो राजा होता, तेव्हा शिकलेली होती. बुडताना नवीन काही पाठ होत नाही, जुनं पाठ असलेलं वर येतं. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा रोजच्या हरिपाठाचा आग्रह मला पटतो. कंटाळा येत असताना म्हटलेला हरिपाठही कुठेतरी जमा होत असतो.

तोंड वळवणं म्हटलं की आम्हा हिंगोलीकरांना मात्र गजेंद्राच्या आधी दुसरीच गोष्ट आठवते.

मी वसमत तालुक्यातली. आमचा जिल्हा १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला. पुण्यात "कुठल्या तुम्ही?" असं कोणी विचारलं की हिंगोली सांगून भागत नाही, नांदेडजवळ असं सांगावं लागतं. पण नामदेव महाराज आमचे. कयाधूच्या काठावरचं नर्सी हे परंपरेनं त्यांचं जन्मगाव, साल १२७०. घरी शिंप्याचं काम. आषाढीनंतरच्या वद्य एकादशीला नर्सीत परतवारी भरते. पंढरपूरला जाऊन आलेले येतात, आणि पेरणीच्या गडबडीत ज्यांची वारी हुकली तेही येतात. हुकलेल्यांसाठी एक वेगळी एकादशी आमच्या भागानं ठेवली आहे, याचं मला कौतुक वाटतं.

तर औंढा नागनाथ. बारा ज्योतिर्लिंगांतलं आठवं आमच्याकडे हेच मानतात. गुजरातेतली माणसं द्वारकेजवळचं नागेश्वर मानतात, तो वाद आज नको. जुनं हेमाडपंती दगडी देऊळ, बाहेरच्या भिंती मूर्तींनी भरलेल्या. गाभारा जमिनीखाली. अरुंद पायऱ्यांनी अंग चोरून, वाकून खाली उतरावं लागतं. लहानपणी मला तिथे उतरायची भीती वाटायची, खाली अंधार आणि गर्दी आणि ओल्या दगडाचा वास. पण लहानपणीही एक गोष्ट लक्षात आली होती. सगळीकडे नंदी महादेवाच्या समोर असतो. औंढ्यात तो देवळाच्या मागे आहे. का, असं विचारलं की आजीपासून फुलवाल्यापर्यंत सगळे एकच गोष्ट सांगतात.

नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांना ते खपलं नाही. मागे जा म्हणाले. नामदेव मागे गेले आणि तिथे कीर्तन सुरू केलं. आणि देऊळ फिरलं. तोंड नामदेवांकडे झालं आणि नंदी बिचारा होता तिथेच राहिला, तो मागे पडला.

गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. पंजाबात घुमान इथे त्यांनी आयुष्याचा मोठा काळ काढला असं मानतात. २०१५ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे झालं ते त्याचमुळे. त्या ६१ पदांतल्या एकात हा प्रसंग नामदेवांच्या स्वतःच्या तोंडी येतो. पदात गावाचं नाव नाही, औंढ्याशी जोडलं ते परंपरेनं. त्याचा भाव असा: मी हसतखेळत तुझ्या देवळात आलो होतो, भजन करत होतो, आणि मला धरून उठवलं. माझी जात हलकी म्हणतात. देवा, मग मला असा जन्म दिलास तरी कशाला? मग ते आपली घोंगडी उचलतात, देवळाच्या मागे जाऊन बसतात आणि पुन्हा नाम घेऊ लागतात. देऊळ फिरतं ते त्यानंतर.

मी हे पद खूपदा वाचलंय आणि दर वेळी घोंगडीपाशी थांबते. अपमान झालेला माणूस जाताना घोंगडी आठवणीनं उचलतो. म्हणजे त्याला तिकडे बसायचं आहे, बराच वेळ बसायचं आहे. दगड उचलत नाही, आणि आता या देवाचं तोंड बघणार नाही असंही म्हणत नाही. तक्रार मात्र पूर्ण करतो. असा जन्म का दिलास, हा काही गोडगोड प्रश्न नाही. आज कोणी असं बोललं तर दोन काका समजावायला येतील, "देवाला असं म्हणू नये बेटा." नामदेव म्हणाले आहेत. आणि ज्यांना बाजूला करणाऱ्यांचा राग येतो त्यांच्यासाठी सांगते, मलाही येतो. ते पद त्या अन्यायाला अन्यायच म्हणतं, देवाची इच्छा म्हणत नाही.

आणखी एक. देवळानं फिरावं असं नामदेवांनी मागितलेलंच नाही! पदात कुठेही नाही. त्यांनी आपलं दुःख सांगितलं आणि जे चालू होतं ते जिथे ढकललं गेलं तिथून चालू ठेवलं. संकटात देवाकडे वळावं, असं आपण एकमेकांना सांगतो. वळायचं म्हणजे आधी नीट उभं राहायला हवं, समोर यायला हवं, रांग लावायला हवी, मन शुद्ध हवं, असं काहीतरी आपल्या डोक्यात असतं. माझ्या मैत्रिणीला लाज वाटते ती त्यामुळेच. आपण मागच्या बाजूला आहोत, समोर यायचा हक्क पगार येत असताना घालवला, असं तिला वाटतं. आमच्या औंढ्याच्या गोष्टीत माणूस वळलेलाच नाही. त्याला फिरवून मागे बसवलंय. वळला तो देव.

ऑफिसातला एक मित्र विचारतो, एवढं दगडी देऊळ पायासकट फिरलं कसं? मी वाद घालत नाही. त्याला म्हणते, एकदा चल, नंदी बघ, मग बोलू. गोष्ट घडली तशीच घडली का, हे ठरवणारी मी कोण? पण सातशे वर्षं या मातीतल्या माणसांनी मागे बसवलेल्यांसाठी हीच गोष्ट सांभाळून ठेवली, हे तर घडलंच आहे ना.

विसोबा खेचरांची भेटही बहुतेक कीर्तनकार औंढ्यातलीच सांगतात. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्यानं डोकी तपासली आणि नामदेव कच्चं मडकं निघाले, ती गोष्ट माहीत आहेच. मग ते गुरूच्या शोधात आले, तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. पाय काढा म्हटल्यावर विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे तूच नेऊन ठेव. नामदेव पाय उचलून जिथे ठेवतील तिथे पिंड. दोन्ही गोष्टी एका गावच्या आहेत असं धरलं तर मजा बघा. ज्या माणसाला कळलंय की पाय ठेवायलासुद्धा देवाशिवायची जागा नाही, त्याला कोणी 'मागे जा' म्हटलं तर तो मागे जाणार कुठे?

देऊळ हललं म्हणतात. आमच्याकडे जमीन खरोखर हलते. वसमत, औंढा, कळमनुरी या तालुक्यांत, पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत, जमिनीतून गूढ आवाज येणं ही काही वर्षांपासूनची गोष्ट. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. १० जुलैला पुन्हा तेवढाच, सकाळी सव्वासातच्या आसपास. आषाढी आठवड्यावर आली होती, आमच्या गल्लीतली निम्मी माणसं वारीत होती. मी इकडे पुण्यात डबा भरत होते आणि आईचा फोन आला.

"भांडे वाजायले म्हनून म्या मांजर समजले. मग पलंगच हालायला. तोंडातून पांडुरंगा निघालं आन् पाय अंगनात निघाले."

"आधी काय गं, पांडुरंग का पाय?"

"दोन्ही संगंच की माय. त्यात काय आधी-मागं."

आईच्या या उत्तरात अर्धं प्रवचन आहे. प्रार्थना करायची की प्रयत्न करायचे, यावर आपल्याकडे तासन् तास चर्चा होते. खाटल्यावर देणाऱ्या हरीची म्हण तर आहेच टोमणा मारायला. पण घर हलताना कोणी खाटल्यावर बसून राहिलं नाही, आणि पळताना कोणी नाम सोडलंही नाही. मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनानं आवाहन केलं होतं, की वाऱ्यानं उडू नयेत म्हणून पत्र्यांवर जे दगड ठेवलेले असतात ते काढून घ्या. माझ्या भावानं त्याच दिवशी गोठ्यावरचे सगळे दगड उतरवले, तारेनं पत्रे बांधले. संध्याकाळी आईनं तुळशीपाशी दिवा लावला, रोजच्यासारखा. घरात कोणालाच या दोन कामांत भांडण दिसलं नाही.

इथे एक अवघड प्रश्न येतो आणि तो टाळून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. जमीन हलली की मराठवाड्यात प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर किल्लारी येते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं झोपली होती. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यांनी प्रार्थना केली नव्हती? त्याच रात्री तर 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणून आली होती ती माणसं. मग?

याचं उत्तर माझ्याकडे नाही. कर्म, प्रारब्ध हे शब्द मला माहीत आहेत, पण ज्याचं घर गेलं त्याच्यासमोर उभं राहून ते उच्चारायचं धाडस मी करणार नाही, आणि दुसऱ्यानं केलेलं मला आवडत नाही. कुंतीनं तर कृष्णाकडे संकटंच मागितली, कारण संकटात तो भेटतो. मी कुंतीइतकी धीट नाही. माझी मागणी साधी आहे, आई आणि भावाच्या डोक्यावर छप्पर नीट राहू दे.

पण एक दिसतं ते सांगते. १२९६ साली आळंदीत ज्ञानेश्वर महाराजांनी समाधी घेतली तेव्हा नामदेव सव्वीस वर्षांचे होते. आपल्यातल्या अनेकांपेक्षा लहान! जिवाभावाचा सखा डोळ्यांसमोर निघून गेला. नामदेवांचे समाधीचे अभंग वाचा, ते रडणं लपवलेलं नाही. सगळं देवाच्या इच्छेनं चाललंय म्हणून कोरड्या डोळ्यांनी उभे राहिलेले नामदेव त्यात सापडत नाहीत. विठ्ठलाशी इतकी सलगी असलेल्या माणसाचीही ही ताटातूट टळली नाही. पण तो रडतो ते विठ्ठलासमोर. विठ्ठलाकडे पाठ करून नाही. त्यानंतरही ते दीर्घकाळ जगले, पार पंजाबापर्यंत गेले, अनोळखी माणसांच्या भाषेत गायले. प्रार्थनेनं संकट टळतंच असं नामदेवांच्या आयुष्यावरून मला म्हणता येत नाही. प्रार्थना करणारा माणूस संकटात हरवत नाही, एवढं म्हणता येतं.

मैत्रिणीला मी हेच सगळं फोनवर सांगितलं, थोडं तुकड्या-तुकड्यांत. ती म्हणाली, "पण नोकरी लागल्यावर परत विसरले तर?" गरज सरो वैद्य मरो असं देवाशी वागू नये हे खरंच. पण ते पुढचं. उद्या विसरेन या भीतीनं आज हाक मारायची नाही, याला काय अर्थ आहे? गजेंद्राचा पाय पाण्यात होता तेव्हा त्यानं पुढच्या वर्षीच्या उपासनेचं वेळापत्रक दिलं नव्हतं.

कसं करायचं, असंही काहींनी विचारलंय. मी करते ते सांगते, नियम म्हणून नाही. रात्री जाग आली आणि डोक्यात चक्र सुरू झालं की मी उठून बसते. आडवं पडून चिंताच होते, प्रार्थना मला तरी होत नाही. मग जे आहे ते मराठीत, आईशी बोलावं तसं सांगते. आकड्यांसकट. किती रुपये, कुठली तारीख, रिपोर्टमध्ये काय आलंय. देवाला सगळं माहीतच आहे तर सांगायचं कशाला, हा प्रश्न चलाख आहे, पण आईलाही माहीत असतं आणि तरी आपण सांगतोच. राग आला असेल तर रागही सांगते. मग हरिपाठातले आठवतील तेवढे अभंग. शेवटी उद्या करता येण्यासारखं एक काम कागदावर लिहिते, एकच, आणि दिवा बंद. झोप लागतेच असं नाही. पण पहाटेपर्यंतचा वेळ बराच सोपा जातो.

आणि एक अगदी व्यवहाराचं. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर नाम घेत घेतच डॉक्टरकडे जा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा आहे, १४४१६ वर, मराठीतही बोलतात. पत्र्यावरचे दगड उतरवण्यातलंच ते काम आहे.

या पावसाळ्यात जमलं तर परतवारीला नर्सीला या. पुण्याहून हिंगोलीला रात्रीच्या गाड्या आहेत. औंढा तिथून लांब नाही. गाभाऱ्यात गर्दी असेल तर आधी मागे जा, नंदीपाशी बसा थोडा वेळ, तिथे बहुधा कोणी नसतं.

उद्या सतरावा श्लोक, ज्ञानी भक्त. घरी ज्ञानेश्वरी असेल त्यांनी सातव्या अध्यायातल्या या श्लोकांवरच्या ओव्या आज रात्री वाचून ठेवा, उद्या बोलायला सोपं जाईल.

राम कृष्ण हरी.